दारूच्या दुकानात विचारलेला पत्ता

बातमी शेजारच्यांच्या फोनवर आली. मी भोपाळला माझ्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. ग्वाल्हेरचा फोन आहे म्हटल्यावर सूप तसंच ठेवून गेले. पलीकडून एक अनोळखी बाई बोलत होती. "आप उनकी देवरानी हैं ना? बाईसाहब नहीं रहीं। दोपहर को खाना खाकर लेटी थीं, फिर उठीं ही नहीं।" तुम्ही कोण, असं मी विचारलं, तर ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "उन्होंने मेरे आदमी का इलाज करवाया था।" बस्स, एवढीच ओळख. नाव तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशा बायका आपलं नाव सांगत नाहीत हे मला ठाऊक होतं. घरी परत आले, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडून टाकले. रडू वगैरे काही आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच की, चला, जाऊबाई सुटल्या. आणि मग इतका थकवा आला की सून घरी येईपर्यंत मी तिथून उठले नाही.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, यमुनाबाई. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, मूलबाळ नाही. मी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दौलतगंजच्या घरी आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच, त्यामुळे सासुरवास करायचं कामही त्यांनाच करावं लागलं. ते त्यांनी अगदी आळसाने केलं. "आता तुला रागवायला पाहिजे, पण मला कंटाळा आला आहे," असं म्हणून त्या करपलेली भाजी स्वतःच्या ताटात वाढून घेत. कंटाळा हा त्यांचा आवडता शब्द. सकाळी उठल्या की कंटाळा, तुळशीला पाणी घालायचा कंटाळा, पाहुणे आले की कंटाळा. आणि हे म्हणता म्हणता सगळं काम उरकलेलं असायचं. लोक त्यांना कुरकुरी म्हणत. होत्याच त्या. त्यांच्यामागे आता काहीजण त्यांना देवी बनवायला निघाले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. देवी नव्हत्या. देवीला गुडघेदुखी नसते आणि ती शेजारणीच्या लोणच्याला नावं ठेवत नाही.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, दादासाहेब, संस्थानाच्या रिसाल्यात होते. आमचं घराणं मूळचं शिपाईगडी, दक्षिणेतून तलवारी घेऊन आलेलं आणि मग इथलंच झालेलं. दादासाहेब उंच, अबोल, घोड्यावर जितके शोभायचे तितके खुर्चीवर अवघडलेले. मेसमध्ये ते रम घेत, पण मापाने आणि बिगुल वाजल्यावर. घरात त्याचा कधी वास आला नाही. मग संस्थान गेलं, मध्यभारत झालं. राजधानी सुद्धा वाटून घेतली, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. आमचे हे सचिवालयात होते, त्यामुळे वर्षातले सहा महिने फायलींच्या पेट्यांबरोबर इंदूरला. घरी राहायचो आम्ही दोघी जावा आणि दादासाहेब. फौजेतल्या काही पलटणी हिंदुस्थानी फौजेत गेल्या, काही मोडल्या. दादासाहेबांचं वय पाहून त्यांना घरी पाठवलं आणि त्यांचा घोडा दुसरीकडे कुठे गेला ते त्यांना कळलंही नाही. पहिले काही महिने ते पहाटे उठून दाढी करून, बूट चढवून तयार व्हायचे आणि मग ओसरीवर बसून राहायचे. बिगुल वाजायचा बंद झाला होता, त्यामुळे पिण्याची वेळही राहिली नाही. आधी संध्याकाळ, मग दुपार, मग सकाळच्या चहाऐवजी.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगायचं कुणाला? आजच्या मुलींना हे समजायचं नाही, पण त्या काळी दारूवर औषध कुठे मिळतं हे विचारायचं म्हणजे आधी घरात दारू आहे हे कबूल करायचं. आमच्या घरात बायका गोषात. पडद्याचा टांगा आल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. जाऊबाईंनी म्हणून आडून आडून चौकशी सुरू केली. "आमच्या ओळखीत एकजण आहेत…" असं म्हणून त्या वैद्यांना विचारायच्या, आणि वैद्य तितक्याच गंभीरपणे त्या ओळखीतल्यांसाठी काढा द्यायचे. अख्ख्या दौलतगंजाला माहीत होतं की ओळखीतले कोण. काढा झाला, हकिमाची चाटणं झाली, कोणा बाबाचा अंगारा झाला. टोपी बाजारातल्या एकाने एक पूड दिली, की यजमानांना नकळत भाजीत घाला, दारूची शिसारी येईल. दादासाहेबांना शिसारी आली ती भाजीची. दोन दिवस ओकत होते, बरं वाटल्यावर पुन्हा बाटली. उरलेली पूड जाऊबाईंनी मोरीत ओतली. "चोरून औषध देणारी मी आणि चोरून पिणारे ते, फरक काय राहिला?" म्हणाल्या. वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतात असंही कोणी सुचवलं. तिथे आत घालतात, कुलूप लावतात, असं ऐकलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, हे वेडे नाहीत, रिकामे आहेत. त्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी फार बोलायचोही नाही. रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालं होतं.

शेवटी गोष्ट काकासाहेबांपर्यंत गेली. काकासाहेब म्हणजे आमचे चुलत सासरे, घराण्यातले वडील. ते जयेंद्रगंजात राहायचे आणि घराण्याचा खंडोबाही त्यांच्याकडे. माणूस करारी, पण दुष्ट अजिबात नाही. दादासाहेबांना त्यांनीच पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं. त्यांच्याकडे एकच औषध होतं आणि ते त्यांनी दिलं. रविवारी सगळ्यांना बोलावलं, देवापुढे ताम्हणात बेल आणि भंडारा ठेवला आणि दादासाहेबांना तो उचलायला सांगितला. "आजवर या घराण्यात बेलभंडारा उचलून कोणी मोडलेला नाही," एवढंच म्हणाले. आमच्यात याच्यावर कोर्ट नाही. दादासाहेबांनी उचलला. पुन्हा शिवणार नाही म्हणाले. त्यांचे हात कापत होते आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, देवाच्या भीतीने कापताहेत. मी तर त्या दिवशी घरी येऊन शिरा केला होता.

आमच्यासारख्या लोकांकडूनच अशी चूक व्हायची. शपथ देणाऱ्यांना ती मोडेल याची भीती होती. माणूस ती पाळेल आणि त्यानेच मरायला टेकेल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. दादासाहेबांनी एक थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घामाने अंथरूण भिजलं, तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीतून घोडे येताना दिसायला लागले. एकेकाला नावाने हाक मारायचे, लगाम धरायला हात पुढे करायचे, आणि घोडा अंगावर आला म्हणून ओरडायचे. एकदा दातखीळ बसून सगळं अंग ताठ झालं. जयेंद्रगंजाहून निरोप आला की चोरून प्यायला असणार, देवाने धरलं आहे, कपाळाला भंडारा लावा आणि कबूल करेपर्यंत बाहेर काढू नका. जाऊबाई उठल्या, दादासाहेबांच्या तोंडाशी नाक नेलं, आणि मला म्हणाल्या, "धाकटे, प्यायलेले नाहीत. हा वास मला कोणी शिकवायला नको. टांगा बोलाव. पडद्याचा नसला तरी चालेल." पडद्याचा मिळाला नाहीच. भर दुपारी, उघड्या टांग्यात, दादासाहेबांचं डोकं मांडीवर घेऊन आमच्या घराण्याची थोरली सून लष्करातून गेली. मी पायाशी बसले होते. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते, आणि जाऊबाई मला म्हणत होत्या, "उन्हाचं किती लागून राहिलंय गं."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, कानपूरकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एकदम बंद करवाई?" जाऊबाईंनी मान हलवली. ते म्हणाले, "बाईसाहब, इतने बरस की आदत एकदम छुड़ाओ तो जान पर आती है। यह बीमारी है। पाप-पुण्य बाद में देख लीजिएगा।" बीमारी हा शब्द आम्ही त्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकला. मला तर चक्क हलकं वाटलं. त्यांनी सुई दिली, घोडे थोडे शांत झाले. पण पुढचे काही दिवस तोंडाने औषध घ्यायचं होतं, आणि त्यात दारू होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज थोडी कमी करत उतरवायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. कंपाउंडरने चमचा पुढे केला, दादासाहेबांनी वास घेतला आणि दात आवळले. शुद्धीवर होते त्या वेळी. "मी बेलभंडारा उचललाय," म्हणाले. त्यानंतर ओठ उघडले नाहीत. डॉक्टर रागावले, विनवून झाले. पुन्हा झटका आला तर हातात काही राहणार नाही म्हणाले.

शपथ ज्याने घातली त्यानेच ती सोडवायची, ही आपली रीत. लहान मुलंसुद्धा एकमेकांना "सुटली म्हण" म्हणतात. जाऊबाई त्याच टांग्याने जयेंद्रगंजात गेल्या, मीही गेले. काकासाहेब देवघराच्या दारात बसले होते. जाऊबाईंनी पदर पुढे ओढून, खाली मान घालून सांगितलं की आपण एवढं 'सुटली' म्हणा. काकासाहेबांनी वळून देवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, देवापुढे उचललेला माघारी घ्यायचा, तर मग उद्या कोण कशाला मानेल? आणि माघारी कशासाठी, तर दारूसाठी. माझ्या तोंडून ते नाही यायचं." त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. पुतण्यावर जीव होता त्यांचा. पण 'सुटली' हा शब्द काही निघाला नाही. जाऊबाईंनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "देव घरात सुखरूप आहेत, काकासाहेब. माणूस दवाखान्यात आहे. मी येते."

वॉर्डात परत आल्यावर त्यांनी कंपाउंडरच्या हातून ते औषध घेतलं, चमच्यात ओतलं, आणि दादासाहेबांच्या समोर स्वतः प्यायल्या. जन्मभर त्या वासानेही ज्यांना मळमळायचं, त्या प्यायल्या. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पदराने तोंड पुसलं. शेजारच्या खाटेवरची माणसं उठून बसली होती. "मोडला," त्या दादासाहेबांना म्हणाल्या. "तुमचा मी माझ्यावर घेतला आणि मी मोडला. आता देवाला जे विचारायचं ते मला विचारेल. तोंड उघडा." दादासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. असं बघणं मी नवऱ्याचं बायकोकडे कधी पाहिलं नव्हतं, त्यात प्रेम होतं की भीती, मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. मी मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

माणूस वाचला. त्याची किंमत लगेच वसूल झाली. जयेंद्रगंजातून सांगणं आलं की थोरल्या सूनबाईंनी देवाला हात लावू नये. लष्करात तर बातमी अशी फिरली की दोघं नवराबायको मिळून पितात. हळदीकुंकवाची बोलावणी मला यायची, त्यांना नाही. "बरं झालं," त्या म्हणायच्या, "तेवढंच लुगडं बदलायचं वाचलं." पण चंपाषष्ठीला आम्ही सगळे आत तळी उचलत असताना त्या बाहेरच्या खोलीत एकट्या बसत. त्या दिवशी कंटाळा आला असं त्या म्हणत नसत. 

आणि एवढं करून दारू सुटली का? नाही. तीन-चार महिने बरे गेले आणि पुन्हा सुरू झाली. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण लोकांना गोष्ट चमच्यापाशी संपायला हवी असते. जाऊबाई पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी पुन्हा दादासाहेबांना दाखल करून घेतलं, पुन्हा उतरवलं, आणि या वेळी जाऊबाईंना खुर्चीवर बसवून म्हणाले, "छुड़वाना हमारे बस में है। उसके बाद की दवा मेरे पास नहीं। कोई ऐसा आदमी ढूँढिए जिसने खूब पी हो और छोड़ दी हो। उसके पास बिठाइए इन्हें, रोज़।" वाटेत जाऊबाई टांग्यात बोटांवर काही मोजत होत्या. मग म्हणाल्या, "धाकटे, पिणारे बोटांवर दाखवता येतात. सोडलेला कुठे शोधायचा? तो तर लपूनच बसणार ना." खरंच होतं. प्यायलेला माणूस रस्त्यात दिसतो. सोडलेला घरी जातो.

पुढे त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. सकाळी, गिऱ्हाईक नसण्याच्या वेळी, त्या मला घेऊन दारूच्या दुकानावर गेल्या. दुकानाच्या पायरीशी पदर घेतलेल्या दोन मराठणी बघून दुकानदार इतका घाबरला की हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं शिव्या द्यायला आल्या. जाऊबाईंनी शांतपणे विचारलं, "भैया, एक बात बताओ। ऐसा कौन है जो रोज़ आता था, अब नहीं आता, और मरा भी नहीं?" दुकानदार विचारात पडला. एकेक नाव घ्यायचा आणि स्वतःच मान हलवायचा, हा वारला, हा दुसऱ्या दुकानावर जातो, हा वारला… बऱ्याच वेळाने म्हणाला, "एक रतनसिंह ठाकुर है। रिसाले में घोड़ों की नाल ठोकता था। दो साल हुए, दिखा नहीं। सुना है ज़िंदा है।" जाऊबाईंनी घर विचारून घेतलं. निघताना दुकानदार म्हणाला, "बाईसाहब, मिल जाए तो मेरा नाम मत लेना, धंधे की बात है।" इतक्या दिवसांत जाऊबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

ठाकूर आले. बुटके, रुंद, बोलके गृहस्थ, दादासाहेबांच्या अगदी उलट. दादासाहेबांचा घोडा त्यांना आठवत होता, कोणत्या पायाची नाल लवकर झिजायची तेही. पहिल्या दिवशी दोघं ओसरीवर घोड्याबद्दलच बोलले. जाऊबाईंनी चहा दिला आणि आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. दुसऱ्या दिवशी ठाकूर पुन्हा आले, आणि मग रोज येत राहिले, दिवे लागायच्या आधी, म्हणजे दादासाहेबांचा जीव सगळ्यात जास्त तडफडायचा त्या वेळेला. दारूबद्दल ते सहसा बोलत नसत. कधी दादासाहेब उठून येरझाऱ्या घालायला लागले की ठाकूर म्हणायचे, "आज का दिन निकाल लो, दफ़ेदार साहब। कल का कल देखेंगे।" दादासाहेब एकदा घसरले, दुसऱ्यांदाही घसरले. ठाकूर तरी येत राहिले. मग हळूहळू ठाकुरांनी कोणाला तरी बरोबर आणलं, त्याने आणखी कोणाला. ओसरीवर चार-पाच माणसं जमायला लागली. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली की पाहा, आता घरात अड्डाच भरतो. आणि जाऊबाई चहाचं आधण ठेवताना म्हणायच्या, "भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय मला. एकाला सांभाळत होते, आता पाच आले."

छप्पन साली राज्यांची पुन्हा मांडामांड झाली. मध्यभारत गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि आमचे हेही. मीही गेले. लष्करातून त्या वर्षी इतकी मराठी घरं हलली की म्हणे कोणाला निरोप द्यायचा आणि कोणाचा घ्यायचा तेच कळेना. काकासाहेबांची दोन्ही मुलं नोकरीपायी भोपाळ-इंदूरला गेली, सुना गेल्या. काकासाहेब जयेंद्रगंज सोडायला तयार नव्हते, पण त्यांचं करणार कोण? शेवटी देवासकट दौलतगंजला आले, जाऊबाईंकडे. ज्या देवाला हात लावायची त्यांना बंदी, तो देव त्यांच्याच घरात. पूजा दादासाहेब करायचे. जाऊबाई काकासाहेबांना वेळेवर पथ्याचं वाढायच्या आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर फुलं ठेवून परत फिरायच्या. 

पुढच्या चंपाषष्ठीला मी भोपाळहून एकटीच गेले होते, ह्यांना रजा मिळाली नाही. तळी उचलायला पाच हात लागतात. ताम्हणात खोबरं, सुपारी, भंडारा सगळं मांडून झालं आणि काकासाहेबांनी मान वर करून पाहिलं, तर घरात पुरुष दोनच, ते आणि दादासाहेब. घराण्यातलं दुसरं कोणी ग्वाल्हेरात उरलंच नव्हतं. म्हातारा माणूस ताम्हणाकडे बघत बसला. स्वयंपाकघरातून जाऊबाई म्हणाल्या, "ओसरीवर तिघं बसून राहिलेत. विचारा हवं तर." काकासाहेबांनी काठी जवळ ओढली. मग स्वतः उठले, काठी टेकत ओसरीवर गेले. ठाकूर आले, दुसरे एक आले. तिसरा दाराशीच थांबला, हात मागे घेतलेले. "हुज़ूर, मैं तो परसों तक पीता था," म्हणाला. काकासाहेबांनी विचारलं, "आज?" तो म्हणाला, "आज नहीं।" "मग लाव हात," काकासाहेब म्हणाले. पाच हातांनी तळी उचलली, येळकोट झाला. मग काकासाहेब भंडाऱ्याचं ताम्हण घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "सूनबाई, तो तेव्हाचा…" एवढंच म्हणाले. जाऊबाई चुलीपाशी होत्या, पाठमोऱ्या. "आता नका सोडवू, काकासाहेब," म्हणाल्या. "मी माझ्यावर घेतलाय तो. सवय झालीय." जरा थांबून म्हणाल्या, "भंडारा तेवढा लावा. माझे हात पिठाचे आहेत." काकासाहेबांनी सुनेच्या कपाळाला भंडारा लावला. मी पाटावर बसले आणि परात पुढे ओढली.

दादासाहेब त्यानंतर दारूला शिवले नाहीत. बारा-तेरा वर्षांनी ते हृदयाच्या विकाराने गेले. ठाकूरही गेले. ओसरी मात्र बंद झाली नाही, कारण येणाऱ्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. आणि बायका यायला लागल्या. मागच्या दाराने, दुपारच्या, डोक्यावर पदर ओढून. कोणी कुठून ऐकून आलेलं असायचं की इथे एक बाई सांगते, नवऱ्याला कुठे न्यायचं. जाऊबाई चपला शोधत शोधत कुरकुरायच्या, "अजून किती जणांना घेऊन जाऊ? पाय राहिले नाहीत." आणि जायच्या. डॉक्टर बदलत गेले, प्रत्येक नव्या डॉक्टरला त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या की माणसाला घरी कोंडू नका म्हणावं, एकदम बंद करू नका म्हणावं, आधी इथे आणा म्हणावं. आणि शपथ घालू नका, हे त्या बायकांना बजावायच्या. सगळे बरे झाले असं मुळीच नाही. कितीतरी गेले. एकदा मी म्हटलं, आता पुरे करा, जाऊबाई, तुम्हाला कोणी नेमलेलं नाही. तर म्हणाल्या, "मला तरी कुठे हौस आहे? पण ती दारात उभी असते ना गं."

आता त्यांच्या पश्चात आवराआवर करायला म्हणून मी आले ती आठवडे झाले इथेच आहे. मुलगा भोपाळहून विचारतो, कधी येतेस. भांडी वाटून झाली, लुगडी देऊन झाली. त्यांची खोली तेवढी राहिली आहे. तिथे एक सुंभाची खाट आहे, मागच्या दाराला लागून. मला नेहमी वाटायचं, इतकी हवेशीर खोली सोडून या दाराशी खाट का टाकतात. परवा दुपारी जेवून त्याच खाटेवर पडले होते तर कडी वाजली. दारात एक बाई. तिशीची असेल, पण चेहऱ्यावर वय नव्हतंच काही, नुसता शीण होता. "बाईसाहब हैं?" मी सांगितलं, त्या गेल्या. ती ऐकून वळली नाही, की रडली नाही. नुसती उभी राहिली, पुढे जायला रस्ता संपावा तशी.

मला डॉक्टरांची नावं धड ठाऊक नाहीत. हल्ली कुठे काय सोय आहे ते ठाऊक नाही. मी काय विचारणार तिला? नवरा किती पितो, कधीपासून पितो, मारतो का, हे सगळं तर तिला येणारा जाणारा विचारत असेल. जाऊबाई तसं काही विचारत नसत, एवढं मला आठवलं. मी म्हटलं, "आपने खाना खाया?" ती म्हणाली, "जी, खा लिया।" मी तरीही ताट वाढलं. भात संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "अब बताइए, कहाँ ले जाऊँ उन्हें?"

"शाम को बाहर ओसारे पर लोग आएँगे, उनसे पूछेंगे। मैं चलूँगी साथ," मी म्हटलं. "तब तक ज़रा लेट जाइए।" ती नको नको म्हणत खाटेच्या कडेला टेकली, मग हळूच आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन. मी ताट उचलून मोरीपर्यंत गेले नाही तोच तिला झोप लागली होती. त्या सुंभाला मधोमध एक खोल झोळ पडला आहे. जाऊबाई तर चिपाडासारख्या होत्या, त्यांच्या एकटीच्या वजनाने तो पडलेला नाही. किती जणी येऊन निजून गेल्या असतील त्यावर, कोण जाणे… मी भांडी तशीच ठेवली, आवाज होईल म्हणून.